येताना टेप घेऊन ये

शनिवार पेठ, पुणे
रविवार, सकाळ

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी फोनवर तू म्हणालीस, "सरांनी एका जुन्या रस्त्याचा अभ्यास करायला सांगितलाय. मी आपला बाजीराव रस्ता घेते. तू थोडं लिहून पाठव ना." तेव्हापासून रोज सकाळी फिरायला गेलो की शनिवारवाड्यापासून विश्रामबागवाड्यापर्यंत जातो आणि वर बघत परत येतो. खाली बघून या रस्त्याचं काही कळत नाही. खाली पाट्या आहेत, दुचाक्या आहेत. जुनं जे काही उरलंय ते पहिल्या मजल्याच्या वर आहे. फोनवर एक गोष्ट सांगायची राहून गेली, तीही या पत्रात येईल.

शनिवारवाड्यावर मी फार लिहीत नाही, तुला हवं तेवढं वाचायला मिळेल. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च आला सोळा हजार एकशे दहा रुपये. फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत होती. आतले मजले गेले. उरले ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती. तेवढंच बघून लोकांना वाटतं की पेशव्यांचं पुणं दगडाचं होतं. तसं नव्हतं गं. पुणं लाकडाचं होतं. दगड जोत्यापुरता, त्याच्या वर सागवान, विटा, माती आणि चुना. तुझ्या अभ्यासात दुसरं काही आलं नाही तरी चालेल, पण एवढं यायला हवं.

शनिवारवाडा पाहून झाला की लगेच नानावाड्यात जा. नाना फडणविसांनी तो १७८० च्या सुमारास बांधला. शनिवारवाड्यात जे जळून गेलं ते कसं असेल, याचा अंदाज तिथल्या दिवाणखान्यातल्या सुरूच्या खांबांवरून येतो. सुरूचं झाड तू पाहिलं आहेस, बुंध्याशी भरलेलं आणि वर निमुळतं होत गेलेलं. खांबाचा आकारही तसाच. खाली पाकळ्यांचा घेर, वर केळफुलाची नक्षी, आणि दोन खांबांच्या मधे महिरप. या महिरपींना भार पेलायचा नसतो, भार वरची आडवी तुळई घेते. पहिल्या वर्षी तू मला विचारलं होतंस, "ही कमान एवढी बारीक, मग पडत कशी नाही?" उत्तर हेच. ती लाकडात कोरलेली पट्टी आहे, टांगल्यासारखी.

आता आपल्या ओसरीवरचा खांब आठव. दारातून आत आल्यावर डाव्या हाताचा दुसरा, ज्याला धरून तू गोल गोल फिरायचीस. त्याच्या खाली काळ्या दगडाची चौकोनी बैठक आहे, तिला तळखडा म्हणतात. खांब जमिनीत पुरलेला नसतो, नुसता तळखड्यावर उभा असतो. म्हणून जमिनीची ओल लाकडात चढत नाही आणि वाळवीलाही आधी दगड ओलांडावा लागतो. खांबाच्या डोक्यावर हस्त म्हणजे लाकडी टेकू, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक वासे, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि त्यावर मातीचा थर. याला आपण कडीपाट म्हणतो. सगळं वजन या सांगाड्यावर असतं. भिंत फक्त आडोसा करते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, तुझ्या आजोबांनी सांगितलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, माझा जन्म पुढचा. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, आपल्याकडेही शिरलं. आजोबा, पणजी आणि भाडेकऱ्यांची मुलं माडीवर गेली आणि तिथून घाटाकडच्या गल्ल्यांमधल्या भिंती बसताना बघत राहिली. मातीची भिंत पाण्यात कोसळत नाही, विरघळते, असं आजोबा सांगायचे. आपलीही मागची भिंत विरघळली. पण खांब उभे राहिले, तुळया उभ्या राहिल्या, माडी जागची हलली नाही आणि माणसं वाचली. पाणी ओसरल्यावर आजोबांनी पटाशीने त्या खांबावर एक आडवी खूण केली. तू तिला उंची मोजायची खूण समजायचीस आणि दर वाढदिवसाला तिच्याशी पाठ लावून उभी राहायचीस. ती पाण्याची खूण आहे. तुला कधी सांगितलं नाही, कारण आजोबांना त्या दिवसाबद्दल मुलांसमोर बोललेलं आवडत नसे.

रस्त्यावर परत येऊ. पुढे अप्पा बळवंत चौक. तुम्ही मुलं त्याला एबीसी म्हणता. अप्पा बळवंत म्हणजे मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत मुख्य लढाईच्या आधीच्या एका चकमकीत, डिसेंबर १७६० मध्ये पडले. चौकाला नाव मुलाचं असलं तरी त्यात बापाचं नावही आहे, हे मला शाळेत शिकवायला लागल्यावर ध्यानात आलं. मेहेंदळ्यांचा वाडा गेला. त्या जागी आता पुस्तकांची दुकानं आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. जून महिन्यात जुनी पुस्तकं विकून नवी घ्यायला तिथे उभं राहिलेलं पोर ज्याला आठवत नाही, असा पेठेतला माणूस शोधून सापडायचा नाही. वाडा गेला, पण चौकाला वापर मिळाला.

लक्ष्मी रस्ता ओलांडताना हुजूरपागेचं नाव मनात घे. मुलींची ही शाळा १८८४ ची, आणि नाव मात्र पेशव्यांच्या घोड्यांचं. हुजुरांची पागा तिथे होती. तुझी पणजी तिथे चौथीपर्यंत शिकली.

लक्ष्मी रस्ता ओलांडला की उजव्या हाताला विश्रामबाग. इथे घाई करू नकोस, अर्धा दिवस काढ. दुसऱ्या बाजीरावांनी तो बांधला, पुरा झाला १८०७ च्या सुमारास, खर्च दोन लाखांच्या घरात. शनिवारवाड्याचे सोळा हजार आणि हे दोन लाख शेजारी मांडून बघ. मधे पाऊणशे वर्षं गेलेली, रुपयाची किंमतही बदललेली, हे धरूनसुद्धा पहिल्या आणि दुसऱ्या बाजीरावातलं अंतर मला त्या दोन आकड्यांत दिसतं. पहिल्याने राज्य वाढवताना घर बांधलं. दुसऱ्याने राज्य हातातून निसटत असताना घर सजवलं. आणि तरीही, मुक्ता, त्या दर्शनी भागासमोर उभं राहिलं की माझा राग टिकत नाही. रस्त्याच्या कडेला सुरूच्या खांबांची रांग, वर मधोमध पुढे आलेली मेघडंबरी, तिच्या कोरीव पट्ट्या. सकाळी ऊन समोरून येतं आणि नक्षीची सावली नक्षीवरच पडते. दहानंतर ऊन वर चढतं आणि सगळं सपाट दिसायला लागतं. चित्र काढायचं असेल तर आठच्या आत जा.

पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. डेक्कन कॉलेजचं मूळ ते. १८७९ मध्ये आग लावली गेली, बराच भाग जळाला, आणि त्याच वेळी बुधवारवाडाही गेला. पुढे नगरपालिकेची कचेरी इथे आली. राजवाडा, पाठशाळा, कचेरी. लाकडाच्या वाड्याचं हे एक आहे की भिंती पाडून जोडता येतात, सांगाड्याला धक्का लागत नाही. खण मोकळे करायचे, खण बंद करायचे.

खण हा शब्द वहीत मोठ्या अक्षरात लिही. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, साधारण पाच फुटांची. आपले लोक घर चौरस फुटांत सांगत नव्हते. 'पाच खणी माडी', 'सात खणांचा सोपा', असं म्हणायचे. सागवानाची कडी किती लांब मिळते, किती वजन घेते, त्यावरून खण ठरला आणि खणावरून खोली. त्यामुळे सरदाराच्या वाड्यात आणि आपल्यासारख्या कारकुनाच्या वाड्यात माप एकच असायचं, खणांची संख्या फक्त कमीजास्त. सगळ्या रस्त्याला एक ताल होता तो यामुळे. नव्या इमारती उंच आहेत म्हणून त्या डोळ्यांत खुपत नाहीत. त्यांचा खण जुळत नाही, म्हणून खुपतात. हे माझं मत आहे, सरांना पटेलच असं नाही.

विश्रामबागेसमोर तुळशीबाग. तू तिथे कानातल्यांसाठी जातेस तेव्हा एकदा आतल्या राममंदिरातही जा. नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी हे काम १७६१ च्या सुमारास हाती घेतलं. पानिपत झालं ते वर्ष. घराघरात सुतक असताना या शहराने मंदिर बांधायला घेतलं, याचा मला अजून नीट उलगडा होत नाही, पण विचार केला की गळा दाटतो.

आणि एक गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून नळ बांधून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नव्हते, नुसत्या उतारावर पाणी चालायचं. वाटेत हवा खेळावी म्हणून मधे मधे उच्छ्वास बांधले, धुराड्यासारखे. वाटेवरच्या हौदांवर लोक पाणी भरायचे. हौद बुजले, पण बसच्या कंडक्टरला 'फडके हौद' म्हटलं की तो अजून तिकीट देतो.

या रस्त्यावर नसलेला एक वाडाही अभ्यासात घे, पलीकडच्या शिवाजी रस्त्यावरचा. भिडेवाडा. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथे सुरू केली. त्या वाड्यात सुरूचे खांब होते की नव्हते, यावर त्याचं मोल ठरत नव्हतं. तो इतका मोडकळीस आला होता की डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. स्मारक होईल, व्हायलाच हवं. पण ज्या खोलीत त्या मुली बसल्या ती खोली गेली. पावणेदोनशे वर्षांत कुणी तिचं माप घेऊन ठेवलं असेल तर ते माझ्या पाहण्यात नाही.

वाडे का पडले, असं तू विचारलंस. बिल्डरांना शिव्या देणं सोपं आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. आपल्या मधल्या चौकातल्या दोन खोल्यांचं भाडं कित्येक वर्षं अठ्ठावीस रुपये होतं. भाडेकरूला दोष नाही, त्याच्याकडेही पैसा नव्हता. अठ्ठावीस रुपयांत कौलं शाकारता येत नाहीत. मग वाटण्या झाल्या. पणजोबांचे चार मुलगे, त्यांची मुलं, एका वाड्यावर अकरा नावं. एकाला डागडुजी हवी, दोघं परदेशात, तिघांना रोकड हवी. आणि चुना मळणारे गवंडी संपले. १९९८ मध्ये मागच्या भिंतीला ओल आली तेव्हा मी स्वतः उभं राहून सिमेंटचा गिलावा करून घेतला. मिस्त्री म्हणाला पक्कं काम होईल, मीही तेच समजलो. मातीच्या भिंतीला चुना श्वास घेऊ देतो, सिमेंट देत नाही. ओल आत कोंडली, भिंतीला लागलेली तुळई टोकाशी कुजली. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाने, जन्मभर हेच खांब काढलेल्या माणसाने, आपल्या हाताने ते केलं. गेल्या पावसाळ्यात माडीचा तो कोपरा चार बोटं खाली आला.

फोनवर सांगायचं राहिलेलं हेच. गेल्या मंगळवारी मी सही केली. अकरावी सही माझी होती, बाकीच्या दहा आधीच झाल्या होत्या. मी अडवून धरलं असतं तर एक-दोन वर्षं धरता आलं असतं, पण मागच्या खोलीत काकू झोपतात आणि वरची तुळई कुजलेली आहे. रात्री पाऊस वाढला की मी उठून टॉर्च मारून बघतो. तू रागावशील. रागाव. पण काकूंना त्या खोलीत ठेवून मला हे धरून बसता आलं नाही.

दिवाळीनंतर पाडायला सुरुवात होईल. करारात मी दोनच गोष्टी लिहून घेतल्या. दिंडीसकट, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारासकट, दाराची चौकट आणि ओसरीवरचा तो खांब तळखड्यासह आपल्याला मिळेल. आजोबांची खूण त्यावर आहे.

बाकीचं तुझ्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस आधी ये. लांब टेप आण, तुमच्याकडे ते लेझरचं यंत्र असेल तर तेही आण, आणि दोघी-तिघी मैत्रिणी येत असतील तर त्यांनाही घेऊन ये, आई सगळ्यांचं करेल. देवडीपासून, म्हणजे दारालगतच्या पहारेकऱ्याच्या जागेपासून, सुरू करू. प्रत्येक खण मोजू, कोनाडे, भिंतीतलं धान्याचं बळद, जिन्याच्या पायऱ्या, अडसराचं भिंतीतलं भोक, सगळं. मी जुन्या वह्या काढून ठेवल्या आहेत. त्यात ओसरीची चित्रं आहेत, पण मापं एकाही चित्रावर नाहीत.

जपून राहा. रात्रीची जागरणं कमी कर.

तुझा,
बाबा

ता. क. माडीवर मोजायला आधी मी चढेन. कुठे पाय द्यायचा ते मला माहीत आहे.