युद्धकैद्याचा चेहरा छापू नका

मा. संपादक, स. न.

युद्धाच्या बातम्यांत आजकाल पकडलेल्या सैनिकांचे फोटो सर्रास येतात, आपल्या पेपरातही येतात, आणि आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर तर सुप्रभातच्या फुलांखाली त्यांचे व्हिडिओ येऊन पडतात. परवा युक्रेन युद्धातला म्हणून एक आला, हात मागे बांधलेला कोवळा पोरगा, ओठ सुजलेला, कोणीतरी फोन त्याच्या कानाला धरलाय आणि तो आईशी बोलताना रडतोय. खाली हसण्याचे इमोजी. मला ते बघवलं नाही.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १३ म्हणतं की युद्धकैद्याला मारहाण, धमकी तर नाहीच, पण अपमान आणि बघ्यांच्या नजरेपासूनही जपायचं. पूर्वी कैद्यांची रस्त्यातून धिंड काढायचे, आता ती फोनवर निघते आणि महिनोन्‌महिने संपत नाही, पोरगा सुटून घरी गेला तरी व्हिडिओ फिरतच असतो, कधी त्याच्याच देशात त्याला गद्दार ठरवायला वापरतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन यांचा रक्ताळलेला चेहरा पाकिस्तानातून जगभर दाखवला तेव्हा आपण सगळेच खवळलो होतो ना? आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही जिनिव्हा कराराचं नाव घेऊन निषेध केला, आणि बरोबरच केला. मग दुसऱ्याच्या पोराचं तेच आपण का बघत बसायचं? "त्यांनी आधी केलं" हे इथे चालतच नाही, युद्ध कोणी सुरू केलं, कोण खरं कोण खोटं, याच्याशी या कलमाचा काही संबंध नाही. १९७१ साली पाकिस्तानचे जवळपास ९३ हजार लोक आपल्या ताब्यात होते आणि त्यांना आपण युद्धकैदी म्हणूनच ठेवलं होतं. इथून जवळच महू आहे, फौजेतल्या माणसांचं गाव, तिथल्या कुठल्याही घरी विचारा, आपला माणूस असा टीव्हीवर दिसला तर कसं वाटेल.

करार सरकारांना बांधतो, पेपरवर कोणी खटला भरणार नाही हे मान्य. पण रेडक्रॉसचंही म्हणणं हेच आहे की कैदी ओळखू येईल असा फोटो छापू नये. कैद्यांना मारल्याची, उपाशी ठेवल्याची बातमी असेल तर ती जरूर द्या, मोठी द्या, फक्त चेहरा धूसर करा आणि नाव, गाव, घरच्यांचा पत्ता लागेल असं काही छापू नका, आणि वेबसाइटवर जुने फोटो पडलेत तेही एकदा बघून घ्या ही विनंती.

आपली एक वाचक,
इंदूर