७२ तास आणि सुट्टीचा सोमवार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र होतं, की हे समलिंगी वगैरे जे लोक आहेत त्यांना रोगाची भीतीच उरली नाही, दारू प्यायची, नशा करायची आणि नको ते करायचं. काका, मी त्यातलाच, वय ४१, बेळगावच्या शहापुरात वाढलेला. भीती नाही म्हणता? अहो पोत्यानं आहे. फक्त ती भलत्याच गोष्टीची आहे आणि सगळा घोळ तिथंच आहे.

माझंच सांगतो. काही वर्षांमागं हिय्या करून एका खाजगी लॅबमध्ये एचआयव्हीची टेस्ट करायला गेलो, सकाळी सकाळी, मुद्दाम आपल्या भागापासून लांब. तर तिथं बाकावर आमच्या गल्लीत दूध घालणारे मामा, उपाशीपोटी, शुगर तपासायला. काउंटरवरच्या पोरानं कागद वर धरून सगळ्यांदेखत विचारलं, "एचआयव्ही कुणाचं हो?" मी उठलोच नाही. मामा इकडंतिकडं बघायला लागले, मग मी पण बघितलं, जसं काय मला पण उत्सुकता आहे कुणाचं ते. तसाच बाहेर आलो, गाडीला किक मारली आणि पुढचं दीड वर्ष टेस्टचं नाव काढलं नाही. त्या दीड वर्षात मला एचआयव्ही निघाला असता तर चाललं असतं पण मामांना कळलेलं चाललं नसतं, असा हिशोब होता डोक्यात. आज हसू येतं, तेव्हा एकदम बरोबर वाटत होता. आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा अजून तोच आहे, म्हणून तर साधं रक्त तपासायला लोक मिरजेला जातात, कोल्हापूरला जातात, आणि ज्याला रजा मिळत नाही तो जातच नाही.

दुसरी गोष्ट २०२१ सालची. माझा एक मित्र, खानापूर तालुक्यातला, बाकी काही सांगत नाही. शनिवार, ३० ऑक्टोबर, रात्री अकराच्या सुमारास एकासोबत होता, दोन पेगचे पाच झालेले आणि कंडोम खिशातच राहिला. रविवारी दुपारी मला फोन. आता अशा वेळी एचआयव्ही लागू नये म्हणून औषध आहे, पीईपी म्हणतात, २८ दिवस गोळ्या घ्यायच्या, पण पहिली गोळी ७२ तासांच्या आत पोटात जायला पाहिजे आणि जितकी लवकर तितकी बरी. मला हे माहीत होतं. पण रविवार. आणि सोमवारी १ नोव्हेंबर, म्हणजे आपल्या मराठी लोकांकडं काळा दिन, कन्नड लोकांकडं राज्योत्सव, ओपीडीला सुट्टी दोघांच्या नावानं. कॅज्युअल्टी चालू असते की, तिथं जाऊ म्हटलं, तर म्हणाला "तिथं आमच्या गावचा एक पोरगा कामाला आहे, मेलो तरी येणार नाही बघ." मेलो तरी, हे त्याचेच शब्द. दोन दिवस आम्ही दोघं फोनवर तास मोजत बसलो. मंगळवारी पहाटे गाडी काढून मिरज गाठली, एका डॉक्टरांनी जास्त खोदून न विचारता लिहून दिलं, गोळी घशाखाली गेली तेव्हा सकाळचे नऊ म्हणजे ५८ वा तास. पाडव्याला मळमळ सुरू झाली, म्हणाला बंद करतो, घरी सगळी विचारालेत दिवाळीत फराळ का खाईना झालास म्हणून. मग रोज रात्री व्हिडिओ कॉल, माझ्यासमोर गोळी गिळायची आणि जीभ दाखवायची, लहान पोरासारखी. नंतरच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या.

त्याला धोका माहीत नव्हता असं नाही, पक्का माहीत होता, तासाच्या हिशोबात माहीत होता. पण गावच्या पोरानं बघितलं तर उद्याच घरात रडारड, आणि रोग झालाच तर तो कधीतरी पुढं. उद्याचं जवळ वाटतं. यात समलिंगी काय आणि सरळ काय, शुगर असून कुंदा खाणारे आपल्या घरोघरी आहेत.

अजून एक भानगड. २००३ नंतर आपल्या भागात एड्सवर भरपूर काम झालं, गेट्स फाउंडेशनच्या आवाहन प्रकल्पाचा पैसा आला, देवदासी बायका, जोगप्पा म्हणजे देवीला वाहिलेले, बायकांच्या वेशात राहणारे, हायवेवरचे ट्रकवाले यांच्यापर्यंत कंडोम पोचले, आणि त्या बायकांनी ते काम खरंच अंगावर घेतलं, त्याबद्दल त्यांना हात जोडतो. पण टिळकवाडीतल्या शिकलेल्या पोराच्या डोक्यात काय बसलं, तर हा रोग त्यांचा, आपला नाही. मग तो माणूस बघून ठरवतो. डिसेंट आहे, फॅमिलीवाला आहे, ओळखीचा आहे, म्हणजे सेफ. डेटिंग ॲपवर लिहितात 'क्लीन ओन्ली', म्हणजे रोग नसलेलाच पाहिजे, साबण लावून तपासणार आहेत का काय. पंती, म्हणजे सेक्समध्ये वरचा, असेल तर म्हणतो मला काय हुतंय की, जे काय व्हायचं ते कोतीला, म्हणजे खालच्याला. कोतीला धोका जास्त हे खरं, पण पंतीला होत नाही हे कुणी सांगितलं? सिफिलिसचा फोड तर दुखतच नाही, काही आठवड्यांत आपोआप जातो, की हा खूश, बरं झालं म्हणून. फोड गेला तरी रोग आतच असतो, पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो पण त्यासाठी आधी कपडे काढून डॉक्टरला दाखवायला पाहिजे ना.

आणि खोबरेल तेल. हे पेपरात लिहावं का नको याचा दोन दिवस विचार केला, पण लिहितोच. कंडोमसोबत तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स कमजोर होऊन फाटतो. पाण्याचा बेस असलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं, पण मागायचं कुणी? कंडोम बायकोसाठी म्हणून मागता येतो, जेल मागितलं की दुकानदार चष्म्यावरून बघतो.

आता नशेचं, कारण काकांचा मुख्य मुद्दा तो होता. आमच्यात दारू बऱ्याच वेळा मजेसाठी नसते, परवाना म्हणून असते. पिऊन झालं तर सकाळी म्हणता येतं, "रात्रीचं काय आठवत नाही रे." खिशात कंडोम ठेवला म्हणजे ठरवून गेलास, आणि ठरवून गेलास म्हणजे तू तसला आहेस हे आधी स्वतःशी कबूल करायला पाहिजे. पंचवीस वर्षाचा पोरगा ते करू शकत नाही, दोन बियर मारू शकतो. मला विचाराल तर आपल्या भागातला खरा धोका इथं आहे, बातमीतल्या एमडीपेक्षा, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या ड्रगपेक्षा, कितीतरी जास्त.

एमडी नाही असं म्हणत नाही. मेफेड्रोन २०१५ पासून अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात आहे, २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी त्याचा साठा सांगलीच्या कुपवाडात पकडला, म्हणजे आपल्यापासून काय लांब नाही. चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलेली पोरं पॉपर्सची, म्हणजे हुंगून नशा करायच्या द्रवाची, छोटी बाटली पण हुंगतात, वरून व्हायग्राची गोळी, दोन्ही मिळून बीपी एकदम खाली येतं, माणूस जागेवर कोसळू शकतो, आणि हे त्यातल्या कुणालाच माहीत नसतं कारण त्यांची भीती असते फक्त लॉजवर रेड पडायची. नशेत जबरदस्ती झाली तर? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ३७७ चं कलमच ठेवलं नाही, समलिंगी संबंध ज्याखाली गुन्हा होते आणि पुरुषावरची जबरदस्ती पण ज्यात यायची ते. सहमतीचं ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं आधीच मोकळं केलं होतं ते ठीक, पण सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी आता वेगळं कलमच नाही. ही गोष्ट कुठल्या संपादकीयात वाचली नाही बुवा.

तंबाखूबद्दल तर बोलायलाच नको, निपाणी आपल्याच जिल्ह्यात, आमच्या ग्रुपमध्ये कंडोमवर लेक्चर देणाऱ्याच्या गालात मावा असतो.

त्याच २०१८ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्हीचा २०१७ चा कायदा लागू झाला. माणसाची संमती घेतल्याशिवाय टेस्ट करायची नाही, रिझल्ट गुप्त ठेवायचा, कामावरून काढायचं नाही. निकालाचे पेढे वाटले, कायद्याचं कुणाला कळलंच नाही, त्या लॅबमधल्या पोराला पण कळलेलं दिसत नाही. आणि औषध नियमित घेऊन व्हायरस रक्तात सापडेनासा झालेला माणूस सेक्समधून दुसऱ्याला एचआयव्ही देत नाही, हे तर आमच्यातल्या लोकांना पण पटत नाही, अशा माणसाला टाळतात आणि कधीच टेस्ट न केलेल्या 'क्लीन'वाल्याकडं जातात!

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी एमडीची बातमी छापताना खाली दोन ओळी छापा. १०९७ हा नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेचा, फुकट फोन आहे, नाव सांगावं लागत नाही. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला आणि तपासणी केंद्रात, टेस्ट फुकट होते. भाषेचा वाद मला काढायचा नाही, पण खानापूरकडच्या पोराला ७२ तासाचं हे गणित मराठीत कुठंतरी वाचायला मिळालं पाहिजे, निदान तुमच्या पेपरात तरी.

नाव छापू नका. आमच्या घरात पेपर सगळ्यात आधी आई वाचते, तिला माझं माहीत आहे, ओळखेल ती लगेच. पण मग तो गल्लीत मामांकडं जातो.

आपला,
एक वाचक
शहापूर, बेळगाव