सुभेदार काका, तुमच्यासाठी

आदरणीय सुभेदार काका,
साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात वाईला मावशीकडे आले तेव्हा आजोबांचा पत्र्याचा डबा बरोबर होता. मावशी म्हणाली, शेजारचे सुभेदार मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेत, त्यांना दाखव. तुम्ही लगेच आलात. मी पदकाला पितांबरी लावणार, तेवढ्यात माझा हातच धरलात. "घासू नकोस पोरी, नक्षी जाईल."

आमच्या घरात आजोबांच्या पलटणीचा विषय फारसा निघायचा नाही. १९४१ला भरती, १९४६ला घरी, आणि सगळी नोकरी बेळगावच्या सेंटरवर, रंगरूटांना कवायत शिकवण्यात. भावकीतले दुसरे आजोबा इटलीला जाऊन आले होते. त्यांच्या गोष्टी अख्ख्या आळीला पाठ. आमच्या आजोबांना कुणी विचारलं की म्हणायचे, "मी कुठं लढाईला गेलो?" आणि गोठ्याकडे निघून जायचे. आम्हीही तेच खरं धरून चाललो.

डब्यात दोन पदकं होती. लहानपणी आम्ही भावंडं सिंहाच्या पदकासाठी भांडायचो. दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह! दुसऱ्याकडे कुणी बघायचं नाही. तुम्ही नेमकं तेच उचललंत, ट्यूबलाइटखाली नेऊन उलटं केलंत. मागे हिंदुस्थानचा नकाशा, वर 'इंडिया', खाली '१९३९-४५'. हे इंडिया सर्व्हिस मेडल, म्हणालात. महायुद्धाच्या काळात ज्यांनी देशातच किमान तीन वर्षं नोकरी केली, त्यांच्यासाठी काढलेलं. म्हणजे आजोबांना ज्याचा आयुष्यभर संकोच वाटला, त्याचंच पदक डब्यात पडून होतं.

मग यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचं सांगितलंत. मराठा पलटणीच्या या दोघांना इटलीतल्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, घाडग्यांना मरणोत्तर. "खेड्यातनं आलेल्या पोराच्या पायाला बूट माहीत नसतो. त्याला रायफल धरायला शिकवायचं, रांगेत उभं करायचं. उस्ताद नसता तर पलटण कुठनं आली असती?" हे बोलताना तुमचा आवाज चढला. आजोबांसाठी कुणी असं रागावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावरची पुसट अक्षरं भिंगातून लावत तुम्ही तास दीड तास बसलात, चहा गार झाला. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या कॅम्पातून नव्या फितीही आणून दिल्यात. नकाशाच्या पदकाची फिकट नि गडद निळ्या पट्ट्यांची. पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. काका, तुमचे हे उपकार मी विसरणार नाही.

आजोबा जाऊन एकवीस वर्षं झाली. त्यांच्या हयातीत तुम्ही भेटायला हवे होतात, हे राहून राहून वाटतं. त्या रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आण ते इकडं. फोटोखाली ठेवू. नकाशा दिसला पाहिजे."

तसंच ठेवलंय. गावी याल तेव्हा बघा.

तुमची,
बेळगावच्या उस्तादाची नात