गिरगावातल्या सरांना, न्यूपोर्टच्या वर्गासाठी

आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी येऊन हातात न देता असं सगळ्यांसमोर का लिहितोय, ते आधी सांगतो. नौदलातून निवृत्त झाल्यापासून मला परदेशी स्टाफ कॉलेजला निघालेल्या तरुण अधिकाऱ्यांचे फोन येतात. कुणाची निवड अमेरिकेतल्या न्यूपोर्टला झालेली असते, कुणाची इंग्लंडमधल्या श्रिव्हनहॅमला, कुणाची पॅरिसला, कुणाची कॅनबेराला. प्रश्न एकच : "सर, जाण्याआधी काय वाचू?" मी पुस्तकांची यादी देतो. फोन ठेवला की दरवेळी वाटतं, खरं उत्तर द्यायचं राहिलंच. माझ्या बाबतीत ते उत्तर तुम्ही होतात. ते चार लोकांना कळावं, म्हणून हा जाहीर खटाटोप. तुम्हाला असं जाहीर कौतुक आवडत नाही हे ठाऊक आहे. एवढ्या वेळेपुरती माफी असावी.

स्टाफ कॉलेज म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. खडकवासल्याची एनडीए घरोघरी माहीत आहे. पण एनडीए ही सुरुवात. दहा-बारा वर्षं जहाजावर, पलटणीत किंवा स्क्वाड्रनमध्ये काढलेल्या अधिकाऱ्याला पुन्हा वर्गात बसवतात, ते स्टाफ कॉलेजमध्ये. तोपर्यंत त्याने आपलं जहाज नीट चालवलेलं असतं. आता त्याने सगळ्या आरमाराचा, तिन्ही दलांचा आणि देशाच्या धोरणाचा विचार करायचा असतो. या शिक्षणाची आपल्याकडची सुरुवात 1905 मध्ये नाशिकजवळच्या देवळालीत झाली. 1907 मध्ये ते कॉलेज क्वेट्ट्याला हललं आणि फाळणीनंतर आपलं स्टाफ कॉलेज निलगिरीत वेलिंग्टनला उभं राहिलं. त्याचं ब्रीद 'युद्धं प्रज्ञया', आणि चिन्ह घुबड. बहुतेकांचं हे शिक्षण वेलिंग्टनलाच होतं. मोजके लोक मित्रदेशांच्या कॉलेजांत जातात. त्यांतले काही पुढे फार वर चढले. लष्करप्रमुख झालेले आपले नागपूरचे जनरल मनोज पांडे इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीला शिकले. अ‍ॅडमिरल आर. हरी कुमार आणि अ‍ॅडमिरल दिनेश त्रिपाठी हे दोघेही न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजचे. दोघांनीही नौदलप्रमुख होण्याआधी मुंबईत पश्चिम नौदल कमांडची धुरा सांभाळली. त्रिपाठींना तर 2007-08 च्या तिथल्या कोर्समध्ये परदेशी अधिकाऱ्यांसाठीचा बेटमन पुरस्कार मिळाला होता.

माझी निवड झाली तेव्हा मीही याच कमांडमध्ये होतो. नौदल गोदीच्या लायन गेटमधून बाहेर पडलं की हॉर्निमन सर्कलपर्यंत थोडं चालणं. तिथे एशियाटिक सोसायटीच्या त्या भल्या थोरल्या पायऱ्या. दुपारच्या सुट्टीत मी तिथल्या वाचनालयात अमेरिकन नौदल अधिकारी मॅहनचं पुस्तक घेऊन बसायचो. न्यूपोर्टला दिलेल्या व्याख्यानांतून 1890 मध्ये तयार झालेला तो ग्रंथ. समुद्रावर सत्ता ज्याची, इतिहासावर वजन त्याचं, असं सांगणारा. समोरच्या टेबलावर तुम्ही जुनी दप्तरं चाळत होता. पुस्तकाची पाठ पाहून तुम्ही विचारलंत, "पटतंय का?" मी म्हणालो, "हो." त्यावर तुम्ही म्हणालात, "मग खांदेरीचं काय करायचं?"

त्या एका प्रश्नापासून आपल्या शनिवारच्या बैठकी सुरू झाल्या. गिरगावातली तुमची दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीपर्यंत गेलेली पुस्तकं, काकूंचा चहा. तुमची अट सोपी होती : दर वेळी एक पान लिहून आणायचं, त्याहून जास्त नाही, आणि पहिला मसुदा मराठीत. आमच्या लिखाणाला एक वळण लागलेलं असतं. क्रमांक घातलेले परिच्छेद, ठरलेले शब्द, वरिष्ठांना चालतील असे निष्कर्ष. कामकाजाला ते उत्तम, कारण समुद्रावर सिग्नल वाचणाऱ्याला वेळ नसतो. पण मराठीत लिहायला बसलं की ती तयार वाक्यं हाताशी नसायची. प्रत्येक वाक्य विचार करूनच लिहावं लागायचं. तुम्ही ते पान घ्यायचात, पेन्सिल काढायचात, आणि समासात बारीक अक्षरांत दोन शब्द लिहायचात : 'कोण म्हणतं?' पानभर तेच. 'मराठ्यांचं आरमार लहान होतं', 'कोण म्हणतं?' 'इंग्रजांची गलबतं वरचढ होती', 'कोण म्हणतं?' चूक आहे असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. फक्त पुरावा मागितलात, आणि पुरावा मिळाला की पुढचा प्रश्न : हे लिहिणारा माणूस त्या दिवशी कुठे उभा होता?

खांदेरी आपण अशीच वाचली. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या त्या बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबई बंदराच्या तोंडाशीच हा किल्ला, त्यामुळे इंग्रज हादरले. त्यांची जहाजं बेटाला वेढा घालून बसली, पुढे सिद्दीही आला. तरी रात्री वल्ह्यांच्या उथळ होड्या किनाऱ्यावरून रसद घेऊन निसटायच्या. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागची हलायची नाहीत. 18 ऑक्टोबरला महाराजांच्या दौलतखानाच्या आरमाराने हल्ला केला, त्यात 'डोव्हर' नावाचं इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. इंग्रजांची 'रिव्हेंज' नौका मात्र लढत राहिली. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी तह केला. किल्ला मराठ्यांचाच राहिला. सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी घेऊन ठेवली, हेही तुम्ही मला विसरू दिलं नाहीत. "विजयाची गोष्ट सांगताना उंदेरी गाळणारा अधिकारी पुढे नकाशाही तसाच वाचेल," असं तुम्ही म्हणाला होतात. या लढाईचा बहुतेक तपशील ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांतून, म्हणजे प्रतिपक्षाच्याच तोंडून मिळतो. आपल्या बाजूचं काय उरलं आहे आणि किती विश्वासाचं आहे, हे शोधण्यात कितीतरी शनिवार गेले. ते माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे शनिवार होते.

परदेशी कोर्सच्या आधीचे महिने अधिकाऱ्याचे कसे जातात, हे आमच्या मंडळींना चांगलं माहीत आहे. व्हिसा, गणवेश शिवून घेणं, मुलांचे शाळेचे दाखले, क्वार्टर सोडणं, सामान गोदामात टाकणं. विचाराची तयारी कुणी करून घेत नाही. निवड सेवेतल्या कामगिरीवर होते आणि ती तशीच व्हावी. पण वर्गात गेल्यावर कामगिरी कुणी विचारत नाही. न्यूपोर्टला सेमिनारच्या टेबलाभोवती डझनभर माणसं बसतात. शिकवणाऱ्यांत गणवेशातले असतात, तसे आयुष्यभर इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवलेले मुलकी प्राध्यापकही असतात. तिथे हुद्द्याला मान असतो, पण वादात हुद्दा कामाला येत नाही. आणि त्या खोलीत भारताचा माणूस मी एकटाच होतो. माझं वाक्य ढिलं पडलं, तर ते देशाच्या नावावर जमा होणार होतं.

त्या कॉलेजची गोष्ट तुम्हाला तेव्हा पत्रात लिहिली होती, वाचकांसाठी परत सांगतो. 1884 मध्ये कॉलेज सुरू झालं ते न्यूपोर्टच्या जुन्या अनाथ-गरिबांच्या आश्रमाच्या इमारतीत. इमारत अजून आहे. 1972 मध्ये कॉलेजचे अध्यक्ष अ‍ॅडमिरल टर्नर यांनी अभ्यासक्रम मुळापासून बदलला आणि युद्ध शिकायला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ ठेवला. अथेन्सचं बलाढ्य आरमार सिसिलीच्या मोहिमेत कसं बुडालं, यावर आम्ही दिवसेंदिवस भांडलो. क्षेपणास्त्रांवर बोलायला आलेली माणसं सिसिलीतल्या सिराक्यूजच्या बंदरावरून भांडत होती. मला ते परकं वाटलंच नाही, कारण हा सराव गिरगावात झाला होता.

मग तो दिवस आला. कमकुवत आरमाराने बलवानाला अडवल्याचं उदाहरण हवं होतं. बाकीचे युरोपातली उदाहरणं देत होते. मी नकाशावर मुंबईच्या दक्षिणेला बोट ठेवलं आणि खांदेरी सांगितली. वारा, भरती-ओहोटी, उथळ तळाच्या होड्या, आणि शेवटी उंदेरीसुद्धा. प्राध्यापकांचा पहिला प्रश्न आला : हे तुम्हाला कसं कळलं, कुणाच्या कागदांवरून? सर, मी हसलो. ते का, हे त्यांना कळलं नसेल. मी कंपनीच्या पत्रांबद्दल बोललो, त्यांत काय पटण्यासारखं आहे आणि काय नाही ते बोललो. तास संपला तरी एका छोट्या किनारी देशाचा अधिकारी उठला नाही. त्याच्या देशाकडे मोजून थोड्या गस्ती नौका आणि समोर मोठा शेजारी. त्याला 1679 च्या होड्यांबद्दल सगळं हवं होतं. रात्री त्याच्या खोलीत आम्ही थळच्या खाडीचं चित्र काढत बसलो.

शेवटच्या निबंधाचे मसुदे मी तुम्हाला पाठवत राहिलो. तुम्ही ईमेल वापरत नाही, म्हणून तुमची नात पानं छापून द्यायची आणि तुमच्या पेन्सिलीच्या खुणांचे फोटो काढून मला पाठवायची. तिचेही आभार, आज ती स्वतः शिकवते असं ऐकलं. आणि काकूंचे आभार तर कसे मानू? मी तिकडे असताना त्या दर महिन्याला डोंबिवलीला माझ्या आईकडे जाऊन बसायच्या, हे मला परत आल्यावर आईकडून कळलं. तुम्ही दोघांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

या शिक्षणाचा उपयोग काय, असं लोक विचारतात. मला तो दोन ठिकाणी दिसला. एक म्हणजे निर्णयाच्या टेबलावर. समोर आलेल्या प्रत्येक अहवालाला मी मनातल्या मनात तुमचा प्रश्न विचारत आलो, आणि कनिष्ठांना तो मला विचारू दिला. दुसरा समुद्रावर. फेब्रुवारी 2016 मध्ये विशाखापट्टणमला आंतरराष्ट्रीय फ्लीट रिव्ह्यू, म्हणजे अनेक देशांच्या युद्धनौकांची पाहणी, झाला, तेव्हा वर्गातला तोच मित्र आपल्या देशाच्या तुकडीसोबत आला होता. राजशिष्टाचार उरकल्यावर त्याने पहिली चौकशी तुमची केली, "तुझे ते पेन्सिलवाले प्रोफेसर कसे आहेत?" दोन नौदलांमधला विश्वास करारांनी बांधला जातो हे खरं. पण मध्यरात्री फोन उचलला जातो तो अशा ओळखीवर.

सप्टेंबर 2019 मध्ये आपल्या डॉकयार्डमध्ये 'खांदेरी' पाणबुडी नौदलात दाखल झाली, तेव्हा तुमचा फोन आला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "नाव ठेवलंय, आता पोरांना वाचायला लावा." मी ते मनावर घेतलंय. तुम्ही ऐंशीच्या पुढे आहात, जिने चढवत नाहीत, म्हणून एशियाटिकला बोलवत नाही. या हिवाळ्यात परदेशी निघालेले दोन लेफ्टनंट कमांडर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना तुमच्याकडे घेऊन यायची परवानगी द्या. दोघांनाही एकेक पान मराठीत लिहायला सांगितलंय. एकजण तमिळ आहे, तो तमिळमध्ये लिहून अर्थ समजावून सांगेल. येत्या महिन्यातला कुठलाही शनिवार चालेल. काकूंना म्हणावं, चहाबरोबर खायचं आम्ही आणू.

तुमचा विद्यार्थी,
नौदलातला एक निवृत्त अधिकारी
कुलाबा, मुंबई