निदानासाठी थांबू नकोस

राजेंद्र नगर, इंदूर
रविवार

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "निषादच्या रिपोर्टमध्ये काही निघालंच नाही, मग दिव्यांगतेचं सर्टिफिकेट कशाचं मागू?" समोर पाहुणे बसले होते, म्हणून हो-हो करून वेळ मारून नेली. पण हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाहीच. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

आधी सरळ उत्तर देतो. माग. निषादसाठी अर्ज आत्ताच कर, रिपोर्टसाठी थांबू नकोस.

आधी आजाराचं नाव कळू दे, मग त्या नावाने अर्ज करू, असं तुम्ही दोघं म्हणता ते ऐकायला बरोबर वाटतं. आमच्या लेकीच्या, ईराच्या वेळी एका सरकारी खिडकीवरच्या बाबूनेही मला हेच सुनावलं होतं: "पहले बीमारी का नाम लिखवा के लाओ, फिर आना." कायदा मात्र असं म्हणत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत (१९९५ च्या जुन्या कायद्यात ७ होते). त्यातली थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन अशी काही नावं आजारांची आहेत, पण लहान मुलांच्या कामाचे बरेचसे प्रकार चालणं, दिसणं, ऐकणं, बोलणं, समजणं यांतलं काय जमत नाही त्यावरून पाडलेले आहेत. पोराचे पाय कुठल्या जनुकामुळे लटपटतात हे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाला शोधायचं नसतं. ते किती लटपटतात, एवढं त्यांना मोजायचं असतं.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर केंद्राच्या मूल्यमापनाच्या नियमांत वाट करूनच ठेवली आहे. वय एक वर्ष पूर्ण झालं की प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि पाच वर्षांपर्यंत त्यावर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' (जीडीडी) असं लिहितात. बौद्धिक अक्षमता हा शब्द पाचनंतरच वापरायचा. आता बघ, 'डेव्हलपमेंटल डिले' म्हणजे मूल वयाच्या मानाने मागे आहे, एवढंच. का मागे आहे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. निषादची फाइल उघड आणि डॉक्टरांच्या अक्षरात कुठे 'जीडीडी' दिसतं का शोध. दिसेलच. मग तुझ्या हातात कागद आहे, तू उगाच रिकामे हात आहेत असं समजतोयस.

रिपोर्टचंही सांगतो. एक्झोम, म्हणजे जनुकांची मोठी तपासणी, केलंत तरी विकासात मागे पडलेल्या दहा मुलांमधल्या साधारण तीन-चारांचंच कारण सापडतं. बाकीच्यांचा रिपोर्ट एक तर कोरा येतो, नाही तर आमच्यासारखा. ईराच्या एका जनुकात बदल दिसला आणि पुढे शेरा होता, 'व्हेरिएंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स'. बदल आहे, पण त्याचा अर्थ आज लावता येत नाही. काही वर्षांनी अशाच बदलाची आणखी मुलं सापडली की हाच डेटा पुन्हा तपासून उत्तर निघू शकतं, असं जेनेटिक्सच्या मॅडमनी सांगितलं. म्हणून तपासणी सोडायची नाही, कारण कळलं तर पुढच्या मुलाचा विचार करताना उपयोग होतो आणि एखाद्या आजारावर औषधही असतं. पण तो वेगळा रस्ता आहे. त्या रस्त्यासाठी हा अडवून ठेवायचा नाही.

आता वहिनींचं म्हणणं: एकदा शिक्का बसला की बसला. आमच्या आईचंही हेच होतं. ती खजराना गणपतीला जाऊन मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून आली, ईरा बोलायला लागली की सरळ काढायचा म्हणून, आणि घरी येऊन म्हणाली, एकीकडे देवाला साकडं घालता आणि दुसरीकडे पोर अपंग म्हणून लिहून देता. तिच्याशी वाद घालता येत नाही. वहिनींना मात्र सांग, की पाचच्या आत मिळतं ते प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, त्यावर मुदत छापलेली असते. पाचव्या वर्षी पुन्हा तपासणी, दहाव्या वर्षी पुन्हा, आणि कायमचं होतं ते अठराव्या वर्षी. दरम्यान निषाद बरोबरीला आला तर ते आपोआप सुटतं. आणि प्रमाणपत्राबरोबर मिळणारं कार्ड तुमच्या कपाटात राहणार. कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवायचं, शाळेलासुद्धा.

खरी अडचण मला दुसरीकडेच दिसते, आणि हे नीट वाच.

बोर्डापुढे जाण्याआधी सायकॉलॉजिस्ट मुलाला बसवते, मणी ओवायला देते, लाकडी पाटावरचे आकार त्यांच्या खाचेत बसवायला सांगते. ते पाच-दहा मिनिटांत आटोपतं, कारण आपली मुलं मणी तोंडात घालतात. उरलेला सगळा वेळ ती घरच्यांशी बोलते. त्या प्रश्नावलीचं नाव व्हाइनलँड, बोर्डात सगळे व्हीएसएमएस म्हणतात. मूल स्वतःच्या हाताने खातं का, कपडे काढतं का, शी-शू सांगतं का, धोका कळतो का. उत्तरांवरून त्याचं सामाजिक वय काढतात, त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभराने गुणतात.

आमच्या वेळी ईराच्या आईला, मृणालला, रजा मिळाली नाही म्हणून माझी आई बरोबर होती. बाईंनी विचारलं, "अपने हाथ से खाती है?" आई ताठ बसून म्हणाली, "खाती है ना!" खरंच आहे ते. ताटलीतली शेव ईरा एकेक करून उचलते आणि खाते, त्यात ती पटाईत आहे. पण वरणभात मांडीवर घेऊन भरवावा लागतो, घास गालात साठवते, पाणी दिलं की ठसका लागतो, आणि एक वाटी संपेपर्यंत पाऊण तास जातो. बाईंनी पुढचं विचारलं, समजतं का? "सब समझती है, बस बोलती नहीं." आता कुठली आजी वेगळं सांगेल? नातीची बाजू राखायला आली होती ती. मी मधे पडलो आणि वरणभाताचं सगळं सांगितलं. बाईंनी पेन थांबवलं, आधीचं खोडलं. आई घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तिथे एवढं अडून का बसायचं ते आकड्यांवरून कळेल. त्या भागाकाराचं उत्तर ५५ ते ६९ आलं तर दिव्यांगता ५० टक्के धरतात. ७० ते ८४ आलं तर २५ टक्के. ३६ ते ५४ ला ७५, त्याखाली ९०, आणि २० च्या आत १००. आणि बहुतेक सवलती सुरू होतात ४० टक्क्यांना. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यात एका गुणाचा फरक, पण एक पोर आत आणि एक बाहेर. मला ही रेघ अजिबात पटत नाही, पण आहे ती अशी आहे. आजीच्या दोन लाडक्या उत्तरांनी पोर रेघेबाहेर जाऊ शकतं.

वाढवून सांग असं मी म्हणत नाहीये. खोटं सांगितलं तर ते पकडतात, आणि पकडायलाच हवं. पण आपण आईबाप दिवसभर पोराला आधार देत असतो आणि तो आधार आपल्याला दिसेनासा होतो. निषाद धरून चालतो म्हणतोस. कोणाला धरून? किती पावलं? सोडलं तर काय होतं? रात्री किती वेळा उठतो आणि तुमच्यातलं कोण जागतं? आठवडाभर वहीत लिहून काढ, वेळेसकट. चांगल्या दिवसाचं लिही आणि वाईट दिवसाचंही. जेवतानाचा, जिना चढतानाचा एकेक व्हिडिओ काढून ठेव, कारण बोर्डाच्या खोलीत मूल एक तर झोपलेलं असतं किंवा रडत असतं. वही लिहिणं जड जातं, हे आधीच सांगतो. मृणालने दोन पानं लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली. उरलेलं मी लिहिलं.

निषादचं अंग सैल आहे म्हणालास ना? मग बालरोग आणि अस्थिरोग, दोन्ही डॉक्टरांनी बघावं असा आग्रह धर. पायांचं वेगळं मोजलं जातं आणि दोन्ही एकत्र करायचं एक सूत्र आहे. नुसती बेरीज करत नाहीत. ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत, ६३ च्या आसपास येतात. तरी फरक पडतो.

बाकी प्रक्रिया कंटाळवाणी आहे पण अवघड नाही. १ जून २०२१ पासून सगळं ऑनलाइन आहे, स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर. मुलाचा आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांचे कागद. रुग्णालय निवडायचं आणि बोर्डाच्या तारखेला जायचं. समग्र आयडीमध्ये, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीत, निषादचं नाव आहे ना ते आधी बघ. आणि आपली मराठी आडनावं! आधारवर मी 'आठल्ये' आणि समग्रमध्ये 'आठले'. तुमच्या 'टेंब्यां'चं काय करून ठेवलंय ते तपासून घे, नंतर फार ताप होतो. अडलं तर कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते, लेखी अर्ज दे आणि पोच घे. त्या बाबूचं माझं तिथेच मिटलं.

कार्ड ४० च्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० पासून पुढे निळं. पिवळं आलं तर तुला काय मिळेल? सगळ्यात मोठं, तुझी बदली. केंद्राच्या नोकरीत दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट मिळावी असं कार्मिक विभागाचं २०१४ चं परिपत्रक आहे. तू निषादची थेरपी सोडून कुठे जबलपूरला जाणार? शिवाय पुढे मुलांचा शिक्षण भत्ता दुप्पट. आयकरात दिव्यांग मुलासाठी ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,०००, पण जुनी करपद्धत ठेवलीस तरच. आपल्या मध्य प्रदेशचं पेन्शन सहा वर्षांनंतरच्या मुलांना, महिना ६००. रकमेवर बोलत नाही मी.

एकाच ठिकाणी नाव नसल्याचा खरा जाच होतो, ती म्हणजे केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना. लाखापर्यंतचा विमा, थेरपीचा खर्चही त्यात, वैद्यकीय तपासणीची अट नाही. पण ती चारच गोष्टींना आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. प्रमाणपत्रावर यातलं काही लिहिलेलं असावं लागतं. म्हणून म्हणतो, पायांचंही मोजून घे. बहुविकलांगतेत बसला तर आत्ताच, नाही तर पाचव्या वर्षीच्या तपासणीत पुन्हा बघायचं.

आणि थेरपी कार्डासाठी अडवून ठेवू नका. जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं लहान मुलांचं केंद्र, तिथे हे फुकट असतं आणि विकासातला विलंब हे त्यांचंच काम आहे. अंगणवाडीत तपासायला येतात ती गाडी त्यांचीच. उज्जैनला ते कुठल्या इमारतीत आहे आणि फिजिओ कोणत्या वारी बसतो ते सोमवारी विचारून घे.

आई बरी आहे. हल्ली ईराला भरवायला तीच बसते आणि घड्याळ बघते.

जीडीडी लिहिलेलं पान, आधार आणि समग्रचा फोटो मला पाठव, फॉर्म मी इथून भरून देतो, तुला संगणकावर दहा वेळा ओटीपी चुकवायची सवय आहे. फॉर्मसाठी निषादचा डोळे उघडे असलेला फोटो हवा, तो काढायच्या तयारीला लागा. काकूंना नमस्कार. बोर्डाच्या दिवशी त्यांना बरोबर न्यायचं की नाही ते वहिनींशी बोलून ठरव.

तुझा,
नंदू