रविवारच्या हरिश्चंद्रगड ट्रेकसाठी : दगड गोळा करणाऱ्यांनो, वाचा

मंडळी, आठवण म्हणून दगड आणायची आपल्यातल्या बऱ्याच जणांना सवय आहे, मलाही आहेच, पण यावेळी प्लीज एकच आणा आणि तोही मुठीत मावेल एवढाच, मागच्या वेळी उतरताना कोणाकोणाच्या सॅका मी उचलल्यात ते मला माहितीये!! पाचनईच्या वाटेवर सुटा पडलेला घ्या, देवळाच्या किंवा लेण्यांच्या आसपासचा खडासुद्धा उचलायचा नाही, वाटेवर कोणी रचलेली दगडांची खूणही मोडायची नाही, त्यावरून लोक वाट शोधतात. चकाकणारे स्फटिक वगैरे ठोकून काढत बसू नका, साधा काळा बेसाल्टच घ्या की, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तो, अजून काय पाहिजे.

आणि घरी गेल्यागेल्या मार्करने खाली जागा नि तारीख लिहा, नंतर सगळे सारखेच दिसतात. माझा ओंकारेश्वरहून आणलेला गोटा तसाच ठेवलेला, आईने बाण, म्हणजे शिवलिंग, समजून देवघरात मांडला, आता रोज त्याला आंघोळ आणि बेल, मागायची सोयच नाही राहिली.

आणलेले जुने दगड दाखवायचे असतील तर रविवारी बसमध्ये घेऊन या, फक्त छोटेच हं.