आधी मागणी, मग छपाई

संपादक महोदय,

ठाण्या-वाशीत स्वखर्चाने ऐतिहासिक कादंबरी काढू पाहणाऱ्यांनी हॉवर्ड फास्ट या अमेरिकन कादंबरीकाराचा १९५१ सालचा खटाटोप जरूर पाहावा.

फास्टचा जन्म १९१४ चा, न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू घरातला. अठराव्या वर्षीच पहिली कादंबरी छापून आली. पुढे ‘सिटिझन टॉम पेन’ आणि ‘फ्रीडम रोड’ गाजल्या. तो कम्युनिस्ट पक्षात होता. स्पेनच्या निर्वासितांसाठी जमवलेल्या निधीचे देणगीदार कोण, हे संसदीय समितीला सांगायला त्याने नकार दिला आणि १९५० मध्ये तीन महिने तुरुंगात काढले. ‘स्पार्टाकस’ या कादंबरीचे बीज तिथलेच. सुटल्यावर लिहून झालेली ही कादंबरी एकाही मोठ्या प्रकाशकाने घेतली नाही. मग फास्टने वाचकांना पत्रे पाठवून आगाऊ मागणी गोळा केली आणि पुस्तक स्वतः छापले. पहिल्या चार महिन्यांत सात वेळा छपाई झाली! कीर्तीचे श्रेय सहसा तिच्यावरच्या १९६० च्या चित्रपटाला दिले जाते, ते मला अन्यायाचे वाटते; पुस्तक त्याआधीच वाचकांनी उभे केले होते.

प्रकाशनपूर्व सवलत आपल्याकडेही जुनीच. पण नवे लेखक आधी छापतात आणि मग गिऱ्हाईक शोधतात. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईला, प्लेट आणि यंत्र लावण्याचा खर्च दोनशे प्रतींना जेवढा, तेवढाच हजारांना. त्यामुळे हजारात प्रत स्वस्त पडते आणि लेखक मोहात सापडतो. उरलेले गठ्ठे आपल्या दमट पावसाळ्यात बुरशी नाहीतर कसर खाते. म्हणून आगाऊ पैसे आलेल्या प्रती मोजाव्यात, त्यावर थोड्याच जास्त धराव्यात. आकडा शे-दीडशेच्या आत असेल तर बिनप्लेटची डिजिटल छपाई बरी. टपालखर्च किंमत ठरवतानाच धरावा, नाहीतर सवलतीची प्रत तोट्यात जाते. एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पृष्ठांचा एक फर्मा होतो, म्हणून पृष्ठसंख्या १६ च्या पटीत बसवावी: ३२० पृष्ठांचे २० फर्मे होतात, ३२३ झाली की पुढच्या फर्म्याचा कागद फुकट जातो. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

१८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने आणि वाशी-नेरूळच्या वाचनालयांनी स्थानिक लेखकांचे मागणीपत्रक देवघेवीच्या टेबलावर ठेवू द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे